अझुलाची बाजू घेणारी मुलगी

वाचकाचे पत्र, थोडक्यात : पत्र लिहिणाऱ्या आईला नववीत शिकणारा मुलगा आणि पाचवीत शिकणारी मुलगी आहे. दिवाळीच्या सुट्टीत दोन्ही मुलांनी ‘अवतार : द लास्ट एअरबेंडर’ ही ॲनिमेशन मालिका पहिल्या भागापासून शेवटपर्यंत पाहिली. आईनेही जमेल तसे बरेच भाग त्यांच्यासोबत पाहिले. मुलाला नायक आंग आवडतो. मुलीला मात्र निळी आग फेकणारी क्रूर राजकन्या अझुला इतकी आवडली आहे की वह्यांच्या मागच्या पानांवर तिचीच चित्रे असतात, आणि पुढच्या महिन्यात सोसायटीत होणाऱ्या फॅन्सी ड्रेस स्पर्धेत तिला अझुलाच व्हायचे आहे. आजीला हे मुळीच पसंत नाही. “एवढ्या देवी, एवढ्या शूर बायका सोडून पोरीने राक्षसीण व्हायचं?” असे त्या म्हणतात. भांडणे झाली की भाऊ तिला ‘अझुला’ म्हणून चिडवतो. एकदा असेच भांडण सोडवताना आईच्याही तोंडून निघून गेले, “खरंच, अगदी तिच्यासारखी वागतेस.” त्यावर मुलगी म्हणाली, “तिची आईपण असंच म्हणायची.” आईने पुढे लिहिले आहे की मुलगा समजूतदार आहे, नेहमी वर्गात पहिला येतो, आणि या वेळच्या चाचणीत दुसरा आला तेव्हा दोन दिवस नीट जेवलासुद्धा नाही, इतका तो अभ्यासाबाबत गंभीर आहे, मुलगी हुशार आहे, पण हट्टी आहे आणि उलट बोलते. आईचे प्रश्न तीन आहेत : ही मालिका बंद करावी का, खलनायिकेची बाजू घेणारी मुलगी पुढे तशीच होईल का, आणि फॅन्सी ड्रेसचे काय करावे.

प्रिय ताई,

तुमच्या पत्रातल्या एका वाक्याशी मी थांबले. तुम्ही ते मुलीच्या उलट बोलण्याचा नमुना म्हणून लिहिले आहे : “तिची आईपण असंच म्हणायची.” मला ते उलट बोलणे वाटले नाही. पाचवीतल्या मुलीने ६१ भागांची मालिका पाहून तिच्यातले सर्वांत खोल दुखणे हेरले आहे, आणि ते दुसऱ्या कोणाला नव्हे, स्वतःच्या आईला सांगितले आहे. तुमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे मी देईन. पण त्यांच्याकडे जाणारी वाट या वाक्यावरूनच जाते, म्हणून आधी थोडा वेळ मालिकेतच राहू.

ज्यांनी ती पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मायकेल दान्ते डिमार्टिनो आणि ब्रायन कोनिएत्झ्को यांनी निर्माण केलेली ही मालिका अमेरिकेत निकेलोडियन वाहिनीवर फेब्रुवारी २००५ ते जुलै २००८ या काळात तीन पर्वांत दाखवली गेली. तिच्या जगात पाणी, माती, आग आणि हवा यांवर हुकमत चालवणारे चार समाज आहेत, आणि चारही तत्त्वे ज्याला साधतात असा अवतार एका वेळी एकच असतो. फायर नेशनने बाकीच्या जगावर शंभर वर्षे युद्ध लादले आहे. बारा वर्षांचा अवतार आंग ही शंभर वर्षे हिमखंडात गोठून पडलेला असतो. तो बाहेर येतो तेव्हा त्याच्या समाजातला तो एकटाच उरलेला असतो. फायर नेशनचा राजा ओझाई याला दोन मुले : सोळा वर्षांचा झुको आणि चौदा वर्षांची अझुला. झुको तेरा वर्षांचा असताना युद्धमंडळाच्या बैठकीत तो नवख्या सैनिकांच्या एका तुकडीचा बळी देण्याच्या बेताविरुद्ध बोलला. त्याची शिक्षा म्हणून त्याला द्वंद्वयुद्धासाठी उभे करण्यात आले, समोर प्रत्यक्ष वडील आले, मुलाने गुडघे टेकून क्षमा मागितली, आणि वडिलांनी त्याचा चेहरा भाजून त्याला देशाबाहेर काढले. अवतार पकडून आणलास तरच परत ये, ही अट. म्हणून पहिल्या पर्वात नायकांच्या मागे हात धुऊन लागलेला खलनायक म्हणजे हाच झुको. आणि शेवटच्या पर्वात आंगला अग्निविद्या शिकवणारा, त्याच्या खांद्याला खांदा लावून लढणारा मित्रही हाच झुको. अझुला मात्र शेवटपर्यंत पलीकडच्याच बाजूला राहते.

आता तुमच्या मुलीचे वाक्य घ्या. दुसऱ्या पर्वात झुकोच्या बालपणाच्या आठवणींचा एक भाग आहे. त्यात अझुला काहीतरी क्रूर बोलून जाते, आणि तिची आई अर्सा तिच्या पाठमोऱ्या आकृतीकडे पाहत स्वतःशी म्हणते की या मुलीचे काय बिघडले आहे कोण जाणे. एवढेच वाक्य. पण तिसऱ्या पर्वात समुद्रकिनाऱ्यावर शेकोटीभोवती बसलेली मुले मन मोकळे करतात, तेव्हा अझुला हसत हसत सांगते की माझी आई मला राक्षस समजत असे. तिचे बरोबरच होते, पण तरी लागले. आणि शेवटच्या भागांत, राज्याभिषेकाच्या आधी, मन सैरभैर झालेली ही मुलगी आरशासमोर बसून आपले केस स्वतःच कात्रीने वेडेवाकडे कापते, तेव्हा तिला आरशात मागे उभी असलेली आई दिसते. आई म्हणते, माझे तुझ्यावर प्रेम आहे. अझुला हातातला ब्रश आरशावर फेकते, आरसा फुटतो, आणि ती रडत खाली बसते.

ताई, हे सगळे तुमच्या मुलीने पाहिले आहे. मोठ्यांनी ज्या वाक्याकडे दुर्लक्ष केले असते ते तिने लक्षात ठेवले आहे. म्हणून तुमच्या पत्रामागे जे गृहीतक आहे, की मुलीला क्रौर्य आवडते म्हणून क्रूर पात्र आवडते, ते मला तपासून पाहावेसे वाटते. ते खरे असू शकेल, पण मला तसे वाटत नाही. तिने आईला जो धागा जोडून दाखवला त्यात आग नाही, वीज नाही, कोणाला हरवणे नाही. त्यात एक मुलगी आहे जिला घरात ‘ही वाईट’ असे म्हटले गेले, आणि जिची पुढे कोणी समजूत काढली नाही.

अर्थात अझुला आवडण्याची साधी कारणेही असतात, आणि ती कमी लेखू नयेत. ती चौदा वर्षांची आहे, आणि मोठमोठ्या सेनापतींना जे शंभर वर्षांत जमले नाही ते बा सिंग से, म्हणजे माती-समाजाची राजधानी, ती बुद्धीच्या जोरावर आतून जिंकते. ती घाबरत नाही, अडखळत नाही, कोणाची परवानगी मागत नाही. दहा वर्षांच्या मुलीला दिवसभर ‘हळू बोल’, ‘नीट बस’, ‘दादा बघ कसा वागतो’ हे ऐकावे लागत असेल, तर पडद्यावर असा आत्मविश्वास पाहून तिला भूल पडणे स्वाभाविक आहे. तिच्या मनात नेमके काय आहे, हे मी इथे बसून सांगू शकत नाही; ते तिलाच विचारावे लागेल. पण विचारताना ‘तुला ती का आवडते?’ असे विचारू नका, कारण त्या ‘का’मध्ये मुलांना आरोप ऐकू येतो. ‘तिचा तुला कोणता प्रसंग सर्वांत लक्षात राहिला?’ असे विचारा आणि मग गप्प राहा. ती युद्धाचा प्रसंग सांगते की आरशाचा, यावरून तुम्हाला पुष्कळ समजेल.

दुसरे गृहीतक असे दिसते की नायक आणि खलनायक या दोन वेगळ्या जातीच आहेत, आणि मुलाने कोणाची बाजू घेतली यावर त्याची जात ठरते. ही मालिका मुळात याच समजुतीविरुद्ध उभी आहे. आंग नायक आहे, पण आपणच अवतार आहोत हे कळल्यावर तो घाबरून पळून गेला होता आणि त्या पळण्याची किंमत जगाने मोजली. आंगचा सोबती सॉका सुरुवातीला मुलींना लढाई जमत नाही असे मानतो, आणि मग सुकी नावाच्या मुलीकडून हरून, तिच्यासमोर वाकून, तिच्याकडूनच शिकतो. जेट नावाचा मुलगा फायर नेशनच्या अत्याचाराने अनाथ झालेला आहे, त्याची बाजू न्यायाची आहे, आणि तोच धरण फोडून निरपराध माणसांसकट अख्खे गाव बुडवायला निघतो. न्यायाच्या बाजूला असणे आणि न्यायाने वागणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे मुलांना इतके स्पष्ट दाखवणारी उदाहरणे मला फार सापडलेली नाहीत.

आणि झुको. तो बदलला, याचे सर्व श्रेय आपण त्याला देतो, पण मालिका नीट पाहिली तर दिसते की बदलण्यासाठी लागणारी सामग्री त्याच्या वाट्याला आली होती. त्याला आई मिळाली होती. ती नाहीशी होण्याच्या रात्री त्याला उठवून निरोप घेऊन गेली. अझुलाचा तिने निरोप घेतल्याचे मालिकेत दिसत नाही. त्याला आयरो काका मिळाला, जो हद्दपारीत सोबत गेला, चहा करत राहिला, अपमान गिळत राहिला. या आयरोचा मुलगा बा सिंग सेच्या वेढ्यात मारला गेलेला आहे. त्या दुःखाने तो स्वतः बदललेला माणूस आहे. झुको त्याचा विश्वासघात करतो, आणि शेवटी खाली मान घालून माफी मागायला येतो, तेव्हा काका त्याचे वाक्यही पुरे होऊ न देता त्याला मिठीत घेतो. मी तो प्रसंग अनेकदा पाहिला आहे आणि दर वेळी गहिवरले आहे.

पण हाच आयरो अझुलाच्या बाबतीत काय करतो? लढाईवरून तो दोघा भावंडांसाठी भेटी पाठवतो, तेव्हा पुतण्याला शरण आलेल्या सेनापतीचा सुरा येतो आणि पुतणीला बाहुली. अझुला ती बाहुली जाळते. ‘बघा, लहानपणापासूनच कशी होती,’ असे म्हणायला हा प्रसंग सोयीचा आहे. पण ती मुलगी कोण आहे, तिला काय आवडते, हे काकाला ठाऊकच नव्हते, हेही त्याच प्रसंगात दिसते. पुढे झुकोला वाटते की बहिणीशी जमवून घे असा उपदेश काका करील, तर काका म्हणतो की नाही, तिचे डोके ठिकाणावर नाही, तिला पाडायलाच हवे. मालिकेतला सर्वांत क्षमाशील माणूस हे बोलतो. ‘झुकोला सगळ्यांनी माफ केलं, मग अझुलाला का नाही?’ असा प्रश्न तुमच्या मुलीने विचारला तर त्याला माझ्याकडे सोपे उत्तर नाही, आणि तुम्हीही सोपे उत्तर देऊ नये असे मला वाटते.

इथे एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी, नाहीतर माझे म्हणणे अर्धवट राहील. एखादी व्यक्ती अशी का झाली हे समजणे म्हणजे तिने केलेले चालवून घेणे नव्हे. अझुला आंगवर मागून वीज सोडते आणि तो जवळजवळ मरतो. तिला अडवणे आवश्यकच होते. या बाबतीत मुलीशी बोलायला सॉकाची बहीण आणि आंगची सोबतीण कटारा हिचा एक भाग फार उपयोगी पडेल. कटाराच्या आईला मारणारा सैनिक तिला अनेक वर्षांनी सापडतो. तो आता म्हातारा, केविलवाणा झालेला आहे. ती त्याला मारू शकते, आणि मारत नाही. पण ती त्याला माफही करत नाही, आणि तसे स्पष्ट सांगते. त्याच भागाच्या शेवटी ती झुकोला मात्र माफ करते. सूड न घेणे, माफ करणे आणि पुन्हा विश्वास ठेवणे या तीन वेगवेगळ्या पायऱ्या आहेत, हे दहा वर्षांच्या मुलीला या उदाहरणावरून नक्की समजेल. भावाने चिडवल्यावर त्याच्याशी लगेच गोड बोललेच पाहिजे असे नाही, पण त्याचे चित्र फाडायचेही नाही, हे सांगायला तुम्हाला याहून चांगले उदाहरण मिळणार नाही.

आता जरा अवघड भाग. तुमच्या पत्राने मला मुलीपेक्षा मुलाची काळजी थोडी अधिक वाटली.

झुको म्हणतो की वडिलांच्या मते बहीण नशीब घेऊन जन्मली आणि आपण जन्मलो हेच आपले नशीब. मालिकेतल्या राजवाड्यात कौतुकाच्या जागेवर अझुला आहे आणि तुलनेच्या काट्यावर झुको. तुमच्या घरात थोरला मुलगा कौतुकाच्या जागेवर आहे आणि धाकटी मुलगी तुलनेच्या काट्यावर. म्हणजे खरे तर झुकोच्या जागी तुमची मुलगी आहे, आणि अझुलाच्या जागी, जिला प्रत्येक गोष्ट अचूकच यावी लागते त्या मुलीच्या जागी, तुमचा शहाणा मुलगा आहे. अझुला पहिल्यांदा नीट दिसते तेव्हा ती विजेचा सराव करत असते. शिकवणाऱ्या म्हाताऱ्या म्हणतात की जवळजवळ परिपूर्ण, फक्त एक केस जागचा हलला. आणि ती चिडते, कारण ‘जवळजवळ’ तिला चालत नाही. तुमचा मुलगा दुसरा आला आणि दोन दिवस नीट जेवला नाही. तुम्ही हे त्याच्या गांभीर्याचे लक्षण म्हणून लिहिले आहे. मी ते वेगळ्या प्रकारे वाचले. पहिला न आल्यास घरातले आपले स्थान काय, हे त्या मुलाला ठाऊक नसावे, अशी शंका मला आली. ती चुकीची असेल तर आनंदच आहे; पण तपासून पाहा.

अझुला शेवटी कोसळते ती युद्धात हरल्यामुळे नाही. आधी माई आणि टाय ली या दोघी मैत्रिणी तिच्या विरोधात जातात, कारण तिला मैत्री म्हणजे धाक एवढेच माहीत असते. मग वडील तिला मागे ठेवून एकटेच मोठ्या मोहिमेवर निघतात, आणि मला झुकोसारखे वागवू नका, असे ती कळवळून म्हणते. त्या क्षणी तिला कळते की कौतुक तिचे कधी नव्हतेच, तिच्या उपयोगाचे होते. शेवटच्या द्वंद्वात ती साखळ्यांनी बांधली जाते, निळी आग ओकत हुंदके देते, आणि झुको व कटारा नुसते पाहत राहतात. विजयाचा जल्लोष नाही. मालिकेच्या कर्त्यांनी खलनायिकेच्या पराभवाचा असा प्रसंग रचला आहे की प्रेक्षकाला टाळी वाजवता येऊ नये. तुमच्या मुलीने ती वाजवली नाही, यात मला तिच्या मनाचा चांगुलपणा दिसतो.

म्हणून घरात सर्वांत आधी एक गोष्ट करावी : दोन्ही मुलांवरच्या पाट्या उतरवाव्यात. ‘हट्टी’ ही जशी पाटी आहे तशीच ‘समजूतदार’ हीसुद्धा आहे. वर्तनाला नाव द्यावे, मुलाला नव्हे. ‘तू दादाची वही फेकलीस, ती उचलून दे’ हे चालेल; ‘तू आहेसच तशी’ हे नको. भावाने चिडवण्यासाठी ‘अझुला’ हे नाव वापरायचे नाही, हा नियम घरात स्पष्ट सांगावा. बहिणीला ते पात्र प्रिय आहे, म्हणून ते तिच्याविरुद्ध वापरणे अधिक दुखावणारे आहे. आणि मुलाला गुणांशिवायच्या एखाद्या गोष्टीबद्दल, त्याने केलेल्या चहाबद्दल, आजीच्या औषधांची आठवण ठेवल्याबद्दल, मुद्दाम काही म्हणावे. तो पुन्हा दुसरा येईल तेव्हा त्या दिवशीचे जेवण नेहमीसारखेच हसतखेळत व्हावे, समजुतीचे भाषण न होता.

तुमच्या तोंडून निघालेल्या त्या वाक्याबद्दल मुलीची माफी मागा. आपल्याकडे आईवडिलांनी मुलांची माफी मागण्याची फारशी रीत नाही, आणि त्यामुळे ते जड जाते हे मला ठाऊक आहे. झुको नायकांकडे आपल्याला सामील करून घ्या असे सांगायला जातो, त्याआधी तो एका बेडकासमोर भाषणाची तालीम करतो, आणि तरी प्रत्यक्षात ते बिघडतेच. त्याला नंतर प्रत्येकाचा विश्वास कामातून, वेगवेगळा मिळवावा लागतो. तुम्हीही हवी तर मनात तालीम करा. वाक्य छोटे असू द्या : ‘त्या दिवशी मी तुला अझुलासारखी म्हणाले ते चिडून म्हणाले, आणि ते बरोबर नव्हतं. तू जे उत्तर दिलंस त्याचा मी बराच विचार केला.’ पुढे ‘पण तूसुद्धा...’ जोडू नका. ती काहीच बोलली नाही तरी चालेल.

आता तुमचे प्रश्न. मालिका बंद करावी का? ती पाहून झालेली आहे. आता बंदी घातली तर बंद होईल तो फक्त तिच्याविषयीचा संवाद. त्याऐवजी वर सांगितलेले तीन भाग, बालपणाच्या आठवणींचा, समुद्रकिनाऱ्याचा आणि कटाराच्या आईचा, मुलीसोबत पुन्हा पाहा. एका दिवशी एकच, आणि मधे थांबवून बोध न सांगता. आणखी एक भाग भावाबहिणींनी मिळून पाहावा. आंग फायर नेशनच्या शाळेत जातो तो भाग. तिथल्या मुलांना आपल्या देशाचा इतिहास खोटा शिकवला जातो, आणि ती मुले इतर कुठल्याही मुलांसारखीच असतात, लाजरी, नाचायला उत्सुक. शत्रूच्या देशातही मुलेच असतात, हे पाहण्यासारखे आहे.

ती तशीच होईल का? पात्राची बाजू घेतल्याने मुले तशी होत नाहीत. नाहीतर कर्णासाठी हळहळणाऱ्या इतक्या मराठी वाचकांनी भर सभेत अपमान करणे शिकले असते. मुले वागणे शिकतात ते घरात कोणी कोणाशी कसे वागते त्यावरून. मात्र असेच प्रश्न पडलेल्या इतर पालकांसाठी हेही लिहून ठेवते : मूल खेळाबाहेर, जाणूनबुजून, वारंवार धाकट्यांना किंवा मुक्या जनावरांना इजा करत असेल, आगीशी खरोखर खेळत असेल, स्वतःला ‘मी वाईटच आहे’ असे पुन्हा पुन्हा म्हणत असेल, किंवा झोप, जेवण, शाळा यांत काही आठवडे टिकणारा बदल दिसत असेल, तर कारण मालिकेत शोधत बसू नये, बालरोगतज्ज्ञांशी किंवा समुपदेशकाशी बोलावे. तुमच्या पत्रात मुलीबाबत असे काही दिसत नाही. मुलाचे न जेवणे पुन्हा घडले तर मात्र ते हलक्यावर घेऊ नका.

आजींना दुखावून हा प्रश्न सुटणार नाही, आणि त्यांची भीती खोटीही नाही. नातीने चांगले काही निवडावे एवढेच त्यांना हवे आहे. त्यांच्याशी बळीराजाविषयी बोला. वामन हा आपल्या दशावतारांतला एक, त्याची आपण पूजा करतो. आणि तरी ‘इडा पीडा टळो, बळीचे राज्य येवो’ असे पाडव्याला म्हणताना आपण पाताळात गेलेल्या असुर राजाची आठवण काढतो. हरलेल्याच्या बाजूने मन ओढ घेते, आणि तसे घेऊनही धर्म सुटत नाही, हे आजींना तुमच्या-माझ्यापेक्षा अधिक माहीत आहे. त्यांना आणखी एक सांगा. या मालिकेने ‘अवतार’ हा शब्द आपल्याकडूनच घेतला आहे, आणि गीतेत अवताराच्या कार्यात ‘विनाशाय च दुष्कृताम्’ येते, तिथेच या मालिकेतला अवतार अडखळतो. ओझाईला मारावे की नाही हे तो आपल्या पूर्वजन्मींच्या अवतारांना विचारतो, आणि तो ज्या अहिंसक समाजातला, त्याच समाजातली यांगचेनसुद्धा त्याला कर्तव्य आधी असे सांगते. तरीही तो मारत नाही. ओझाईची अग्निविद्या तेवढी काढून घेतो. हे बरोबर की चूक, यावर आजी आणि नात यांचा वाद होऊ द्या. मला वाटते तो दोघींनाही आवडेल.

फॅन्सी ड्रेसला तिला अझुला होऊ द्या. अटी दोनच ठेवा : खरी आग, काडेपेटी, फुलबाजी काहीही नाही, निळा क्रेप कागद किंवा जिलेटीन पेपर पुरेसा आहे, आणि रंगमंचामागे लहान मुलांना घाबरवायचे नाही. दोन ओळी बोलायच्या असतील तर त्या तिलाच लिहू द्या, आणि कोणत्या प्रसंगातली अझुला व्हायचे हेही तिलाच ठरवू द्या, विजेची की किनाऱ्यावरची. बक्षीस मिळाले नाही तरी हरकत नाही.

त्या दिवशी तिचे केस मात्र तुम्हीच बांधा, आरशासमोर बसवून. अझुलाचा अंबाडा डोक्यावर उंच असतो आणि चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंना दोन बटा मोकळ्या असतात. त्या बाहेर काढायच्या राहिल्या तर ती तुम्हाला सांगेलच.